दर जानेवारीत बिघडणारा रिपोर्ट: सिस्टिम लॉगमधली वेळ प्रोग्रॅमने कशी वाचावी

सिस्टिम लॉगमधून, म्हणजे कॉम्प्युटर आपोआप लिहितो त्या घटनांच्या नोंदींतून, वेळ उचलणारा प्रोग्रॅम वर्षभर बिनतक्रार चालतो आणि जानेवारी उजाडला की चुकीचे आकडे दाखवू लागतो. कोल्हापूर भागात ही तक्रार जरा जास्तच ऐकू येते, कारण इथलं बरंच सॉफ्टवेअर साखर कारखान्यांसाठी लिहिलेलं आहे आणि कारखान्याचा गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. हंगामाचं नावच मुळी ‘२०२४-२५’ असं दोन वर्षांचं. म्हणजे ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री गाळप ऐन भरात असतं, काट्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असते आणि लॉगमध्ये ओळींवर ओळी पडत असतात.

उदाहरण वजनकाट्याचंच घेऊ. उसाची भरलेली गाडी काट्यावर चढते, वजन होतं. मग ती गव्हाणीकडे जाऊन ऊस रिकामा करते आणि परत काट्यावर येते, रिकामं वजन होतं. दोन वजनांतला फरक म्हणजे ऊस. दोन वेळांतला फरक म्हणजे ती गाडी आत किती वेळ अडकली. हा दुसरा आकडा वाहतूकदारासाठी खेपांचा हिशेब असतो आणि शेतकऱ्यासाठी त्याहून मोठा, कारण तोडलेला ऊस जितका वेळ पडून राहील तितकं त्याचं वजन घटतं आणि साखरेचा उताराही. म्हणून हा रिपोर्ट चुकला तर ‘सॉफ्टवेअरचा किरकोळ दोष’ म्हणून सोडून देऊ नये.

लिनक्स सर्व्हरवरच्या पारंपरिक लॉगमध्ये अशा गाडीच्या दोन ओळी साधारण अशा दिसतात. मूळ ओळ रोमन लिपीत असते, इथे देवनागरीत देतो:

डेक ३१ २३:४१:०७ काटा२ वजनसेवा: भरलेली गाडी आत
जॅन  १ ०१:१६:५२ काटा२ वजनसेवा: रिकामी गाडी बाहेर

खरा फरक १ तास ३५ मिनिटं ४५ सेकंद. पण प्रोग्रॅम प्रत्येक ओळीला ‘चालू वर्ष’ चिकटवत असेल आणि रिपोर्ट २०२५ च्या जानेवारीत काढला असेल, तर डिसेंबरची ओळ ३१ डिसेंबर २०२५ ठरते. फरक येतो उणे ३६४ दिवस २२ तास २४ मिनिटं १५ सेकंद. सरासरी काढली तर आख्ख्या दिवसाचा आकडा उणे जातो.

आणि हे दुखणं वर्षानुवर्षं तसंच का राहतं? काट्यावरचे क्लार्क सांगतात त्यातच उत्तर आहे: “जानेवारीत रिपोर्ट येड्यागत करतोय, मग आपसूक सुधारतोय. सुधारल्यावर कोण बघणार?” रिपोर्ट मागच्या ३० दिवसांचा असेल, तर जानेवारी संपता संपता डिसेंबरच्या ओळी त्या चौकटीतून बाहेर पडतात आणि सगळं पुन्हा ठीक दिसतं. आपोआप बरी होणारी तक्रार पुढच्या जानेवारीत परत येणार हे धरूनच चाला.

वर्ष ओळीत नसतंच

मूळ अडचण लॉगच्या जुन्या पद्धतीत आहे. बीएसडी सिसलॉगची (युनिक्सवर लॉग लिहिण्याची जुनी पद्धत) जी रीत ऑगस्ट २००१ मध्ये आरएफसी ३१६४ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात लिहून ठेवली गेली, तिच्यात टाइमस्टॅम्प (ओळीवरचा वेळेचा शिक्का) म्हणजे महिन्याची तीन अक्षरं, दिवस आणि तास-मिनिट-सेकंद. एकूण १५ अक्षरं. त्यात वर्ष नाही, टाइमझोन नाही, सेकंदाचे अंशही नाहीत. मार्च २००९ च्या आरएफसी ५४२४ ने हे सगळं आणलं, पण जुन्या पद्धतीने लिहिणारे सर्व्हर, राउटर आणि यंत्रं आजही ढिगाने आहेत.

ओळीत वर्ष नसलं की प्रत्येक भाषेची लायब्ररी आपापल्या मनाने ते भरते. पायथॉनचं स्ट्रपटाइम (मजकुरातून तारीख-वेळ वाचणारं फंक्शन) १९०० धरतं. गो भाषा शून्य वर्ष धरते. पायथॉनचीच डेटयुटिल लायब्ररी आजच्या तारखेतून वर्ष उचलते, आणि वरचा उणे ३६४ दिवसांचा घोळ नेमका तिथून येतो. सी भाषेतलं स्ट्रपटाइम तर फॉरमॅटमध्ये नसलेल्या रकान्यांना हात लावेलच असं नाही. तुम्ही स्ट्रक्चर आधी शून्य केलं नसेल, तर मेमरीत पडलेला कचरा वर्ष म्हणून वापरला जाऊ शकतो.

१९०० मध्ये आणखी एक खोच आहे. ते लीप वर्ष नव्हतं. त्यामुळे २९ फेब्रुवारीची ओळ आली की पायथॉनचं स्ट्रपटाइम ‘या महिन्यात असा दिवस नाही’ म्हणत थांबतं. २०२४ मध्ये हा दिवस ऐन हंगामात आला होता, पुढचा २०२८ मध्ये येईल. ‘आधी वाचू, वर्ष नंतर बदलू’ हा सर्रास दिसणारा उपाय इथेच मोडतो. वर्ष आधी ओळीला जोडायचं आणि मगच स्ट्रपटाइमला द्यायचं, हाच क्रम बरोबर. पायथॉन ३.१३ पासून वर्षाशिवाय दिवस वाचायला गेलं तर इशाराही मिळतो. तो दाबून टाकू नका.

वर्ष ठरवायचं कसं

फाइल शेवटाकडून सुरुवातीकडे वाचा. शेवटची ओळ कधी पडली असेल याचा पुरावा आपल्याकडे असतो: फाइल शेवटची बदलली ती वेळ, किंवा लॉगरोटेटने (जुन्या लॉग फाइली ठरावीक काळाने बाजूला काढणाऱ्या प्रोग्रॅमने) फाइलच्या नावात तारीख घातली असेल तर ती. नावातली तारीख मी जास्त भरवशाची मानतो, कारण कॉपी करताना ती बदलत नाही. तिथून एकेक ओळ मागे जायचं:

संदर्भ = फाइल शेवटची बदलली ती वेळ
प्रत्येक ओळ, शेवटून सुरुवातीकडे:
    वर्ष = संदर्भाचं वर्ष + १
    जोवर ही तारीख त्या वर्षात अस्तित्वातच नाही,
    किंवा ती (संदर्भ + १ दिवस) याच्या पुढे जाते:
        वर्ष = वर्ष − १
    ओळीची वेळ = वर्ष + ओळीतली तारीख आणि वेळ
    संदर्भ = ओळीची वेळ

एका दिवसाची सूट मुद्दाम ठेवली आहे. लॉगमधल्या ओळी नेहमी काटेकोर क्रमाने पडत नाहीत. दोन यंत्रांकडून येणाऱ्या ओळी सेकंद-दोन सेकंदांनी मागेपुढे होतात. ३१ डिसेंबरच्या २३:५९:५९ ची ओळ १ जानेवारीच्या ००:०० नंतर पडली असेल, तर सूट नसलेला प्रोग्रॅम तिथे नाहक आख्खं वर्ष मागे सरकतो. सुरुवात ‘संदर्भाचं वर्ष + १’ पासून करण्याचं कारणही हेच. ‘ही तारीख त्या वर्षात नाही’ ही अट २९ फेब्रुवारीसाठी. मात्र खराब झालेल्या ओळीत ३० फेब्रुवारीही सापडू शकतो, तेव्हा आठ-दहा वर्षं मागे जाऊनही जमलं नाही तर ती ओळ बाजूला काढा, नाहीतर प्रोग्रॅम फिरतच राहील.

‘शेजारच्या ओळीला सर्वांत जवळ पडेल ते वर्ष घ्या’ ही सोपी युक्तीही बऱ्याच ठिकाणी वापरतात. आपल्याकडे ती चालत नाही. हंगाम एप्रिलमध्ये संपला आणि काट्याचा कॉम्प्युटर थेट नोव्हेंबरात सुरू झाला, तर मध्ये सात महिन्यांची पोकळी असते. नोव्हेंबर २०२४ ला एप्रिल २०२४ पेक्षा एप्रिल २०२५ जवळचा! जवळचं वर्ष निवडणारा प्रोग्रॅम मागचा सगळा हंगाम उचलून भविष्यात टाकतो. वरची रीत जवळजवळ वर्षभराची पोकळी पचवते.

फाइलची बदललेली वेळ मात्र जपावी लागते. साधी कॉपी केली की ती ‘आत्ता’ची होते. लिनक्सवर कॉपी करताना वेळ राखण्याचा पर्याय द्या, किंवा टारने एका फाइलमध्ये बांधून न्या. फाइल दाबून लहान करणारं जीझिप मूळ फाइलची वेळ राखतं. पेन ड्राइव्ह फॅट-३२ चा असेल तर तिथे वेळ स्थानिक घड्याळाची आणि दोन-दोन सेकंदांच्या टप्प्याने नोंदली जाते. वर्ष ठरवायला ते पुरेसं आहे, दुसऱ्या कशाला नाही.

आकड्यावरून दोष ओळखा

वर्ष सुटलं तरी तास-मिनिटांचे घोळ राहतात. त्यांच्यासाठी कोड उघडण्याआधी चुकीचा आकडा नीट बघा. किती चुकलं यावरून कुठे चुकलं ते बहुतेक वेळा कळतं.

फरक नेमका साडेपाच तासांचा असेल, तर यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ) आणि भारतीय प्रमाण वेळ यांची गल्लत आहे. सर्व्हर क्लाउडवर असला की त्याचं घड्याळ सहसा यूटीसीत असतं. तिथल्या लॉगमध्ये १८:३० वाजले की आपली तारीख बदलते. म्हणून मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळातल्या गाड्या आदल्या तारखेत जातात. काटा रात्रभर चालू असल्याने हा आकडा छोटा नसतो आणि रोजच्या बेरजा थेट चुकतात. फरक अकरा तासांचा असेल, तर रूपांतर उलट दिशेने झालं आहे, म्हणजे मिळवायच्या जागी वजा. अर्ध्या तासाचा असेल, तर कुणीतरी टाइमझोन पूर्ण तासांत, ‘५’ असा, साठवला आहे.

२३ मिनिटांचा फरक पहिल्यांदा दिसला की माणूस चक्रावतो. पायथॉनची जुनी पायटीझेड लायब्ररी वापरून ‘एशिया/कोलकाता’ हा झोन थेट डेटटाइमच्या टीझेडइन्फोत भरला, तर ती झोनच्या इतिहासातली सर्वांत जुनी नोंद उचलते, म्हणजे कोलकात्याची जुनी स्थानिक वेळ, यूटीसी अधिक ५ तास ५३ मिनिटं. १९०६ मध्ये भारताची एक प्रमाण वेळ ठरण्याआधी शहरोशहरी अशा वेगळ्या वेळा होत्या. आपली प्रमाण वेळ ८२.५ अंश रेखांशाची, आणि कोल्हापूर त्याच्या बरंच पश्चिमेला आहे, त्यामुळे इथली सूर्याची वेळ आजही घड्याळाच्या अर्ध्या तासाहून थोडी मागे आहे. लायब्ररीत तो इतिहास जपलेला आहे हे चांगलंच, फक्त वाट चुकली की तो असा अंगावर येतो. पायटीझेड ठेवणं भागच असेल तर तिचं लोकलाइझ फंक्शन वापरा. नवं लिहीत असाल तर पायथॉन ३.९ पासून आलेलं झोनइन्फो घ्या, त्यात ही अडचण नाही. विंडोजवर त्यासोबत टीझेडडेटा हे पॅकेज लागतं.

साडेतीन तासांचा फरक दिसला तर ‘आयएसटी’ या तीन अक्षरांवर संशय घ्या. भारत, इस्रायल आणि आयर्लंड तिघेही तीच अक्षरं वापरतात. पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसच्या नेहमीच्या संक्षेपांच्या यादीत आयएसटी म्हणजे इस्रायल, यूटीसी अधिक २ तास. तिथे संक्षेपांची ‘इंडिया’ यादी निवडता येते, पण माझं ठाम मत असं की संक्षेप लिहूच नयेत. अधिक ०५:३० असा सरळ आकडा लिहावा.

युनिक्स पद्धतीत वेळ १ जानेवारी १९७० (यूटीसी) पासूनच्या सेकंदांत मोजतात, म्हणून १९७० साल दिसलं तर दोन शक्यता. १ जानेवारी १९७०, पहाटेचे साडेपाच: कुठूनतरी शून्य आलं आहे, म्हणजे रकाना रिकामा होता किंवा यंत्राचं घड्याळच शून्यावर होतं. २१ जानेवारी १९७०: आलेला आकडा सेकंदांचा आहे आणि प्रोग्रॅमने तो मिलिसेकंद समजून हजाराने भागला. याच्या उलट झालं तर पन्नास हजारांच्या पुढचं वर्ष येतं आणि पायथॉन ते नाकारतं. सध्याच्या काळात सेकंद असतील तर १० अंकी आकडा, मिलिसेकंद १३, मायक्रोसेकंद १६, नॅनोसेकंद १९. अंक मोजा आणि मग भागा. विंडोजच्या इव्हेंट लॉगमधली कच्ची वेळ मात्र या हिशेबात बसत नाही. ती १ जानेवारी १६०१ पासून, १०० नॅनोसेकंदांच्या एककात मोजतात. एक कोटीने भागून ११६४४४७३६०० वजा केले की युनिक्सची सेकंदं मिळतात.

टर्मिनलवर चालतं, क्रॉनमध्ये नाही

ही तक्रार वेगळ्याच कारणाची. क्रॉन (ठरल्या वेळी प्रोग्रॅम आपोआप चालवणारी सेवा) प्रोग्रॅम चालवतं तेव्हा तुमच्या लॉगिनमधलं वातावरण तिथे नसतं, भाषेची आणि टाइमझोनची सेटिंग्ज वेगळी पडू शकतात. महिन्याचं नाव वाचणारा ‘%बी’ हा संकेत लोकेलवर (मशीनच्या भाषा-प्रदेशाच्या सेटिंगवर) अवलंबून आहे. मशीनचं लोकेल मराठी असेल आणि प्रोग्रॅमने ते लागू केलं असेल, तर तो देवनागरी महिने शोधतो आणि लॉगमध्ये असतात इंग्रजी. बारा महिन्यांचा छोटा तक्ता स्वतःच लिहून टाका आणि लोकेलचा प्रश्न मुळातून काढा. जावामध्ये फॉरमॅटरला इंग्रजी लोकेल स्पष्ट द्या.

त्याच्याच शेजारची दुसरी चूक: एक अंकी तारखेआधी दोन जागा असतात, वरच्या १ जानेवारीच्या ओळीत दिसतात तशा. एकेका स्पेसवर ओळ तोडणारा कोड महिन्याच्या पहिल्या नऊ दिवसांत सगळे रकाने एकाने सरकवतो आणि १० तारखेला बरा होतो. पायथॉनचं स्ट्रपटाइम जास्तीच्या जागा चालवून घेतं. गोमध्ये दिवसाच्या जागी अधोरेखेसह दोन लिहावं लागतं. आणि या तारखा मजकूर म्हणून सॉर्ट करू नका, एप्रिल आणि ऑगस्ट जानेवारीच्या आधी येतील.

सर्व्हर अपग्रेड केल्यावर अचानक सगळंच थांबलं असेल तर ओळीचं रूपच बदललं आहे का बघा. डेबियन १२ पासून आरसिसलॉग हा लॉग लिहिणारा प्रोग्रॅम नव्या, वर्ष आणि झोन असलेल्या पद्धतीने लिहितो. पहिली १५ अक्षरं कापून घेणारा कोड तिथे पडतो. नवी ओळ पायथॉनचं फ्रॉमआयसोफॉरमॅट वाचतं, पण ३.११ च्या आधीच्या आवृत्त्यांना शेवटचा ‘झेड’ (यूटीसीची खूण) कळत नाही आणि सेकंदाचे अंश तीन किंवा सहाच अंकी लागतात. नऊ अंकी आले तर सहावर कापून द्या.

शक्य असेल तिथे लॉगच नीट लिहायला लावा

वर्ष शोधण्याची वरची रीत जुन्या फाइलींसाठी आहे. नव्या ओळींसाठी अंदाज करत बसण्याची गरज नाही. आरसिसलॉगच्या कॉन्फिगरेशनमध्ये ‘ट्रॅडिशनल फाइल फॉरमॅट’ हा साचा नेमणारी ओळ असेल तर ती बंद करा आणि सर्व्हिस पुन्हा सुरू करा. त्यानंतरच्या ओळी वर्ष, मायक्रोसेकंद आणि अधिक ०५:३० यांसह येतात. बदल केल्यानंतर काही काळ एकाच फाइलमध्ये दोन्ही रूपं असतील, म्हणून वाचणाऱ्या प्रोग्रॅमने ओळीची सुरुवात अंकाने होते की अक्षराने, हे बघून वाट निवडावी.

सिस्टिमडी (लिनक्सवरच्या सेवा सांभाळणारी यंत्रणा) असलेल्या मशीनवर मजकूर वाचूच नका. तिच्या जर्नलसीटीएल या लॉग दाखवणाऱ्या कमांडकडून जेसन या रकानेवार स्वरूपात नोंदी घ्या. त्यात ‘रिअलटाइम टाइमस्टॅम्प’ हा रकाना १९७० पासूनच्या मायक्रोसेकंदांत, यूटीसीनेच असतो. ना महिन्याचं नाव, ना वर्षाचा प्रश्न. सोबत ‘मोनोटॉनिक’ (मशीन सुरू झाल्यापासून फक्त पुढेच जाणारी वेळ) रकानाही असतो आणि बूट, म्हणजे मशीन कोणत्या खेपेला सुरू झालं ते, ओळखणारा रकानाही. काट्याच्या केबिनमध्ये ते दोन्ही उपयोगी पडतात. वीज गेली, मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी संपलेली आहे, कॉम्प्युटर सुरू झाला तो जुन्याच तारखेने, आणि नेट मिळाल्यावर घड्याळाने एकदम उडी मारली: हे वारंवार घडतं. उडीच्या आधीच्या ओळींची भिंतीवरच्या घड्याळाची वेळ खोटी असते, पण त्याच बूटमधल्या मोनोटॉनिक वेळेतलं अंतर खरं असतं. उडीनंतरच्या एका खऱ्या नोंदीपासून तेवढं अंतर मागे मोजलं की आधीच्या नोंदींची वेळ परत मिळते. डीमेसेज या कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या कमांडच्या ‘मोठ्या टी’ पर्यायावर मात्र असा भरवसा ठेवू नका, मशीन स्लीपमध्ये जाऊन आलं असेल तर तो दाखवतो ती तारीख चुकते.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी कंपन्यांना लॉग १८० दिवस ठेवायला आणि घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) एनटीपी, म्हणजे नेटवरून वेळ पुरवणाऱ्या, सर्व्हरशी जुळवायला सांगितलं आहे. १८० दिवसांचा साठा म्हणजे जानेवारी ते जून कधीही वाचायला घेतला तरी त्यात दोन वर्षं असतात. तेव्हा वर्षाचा हा प्रश्न फक्त साखर कारखान्याचा नाही. शिरोलीतल्या फाउंड्रीचा किंवा राजारामपुरीतल्या एखाद्या ऑफिसचा सर्व्हरही त्यात येतो.

आधीच साठलेला चुकीचा डेटा

कोड दुरुस्त झाला तरी डेटाबेसमध्ये मागच्या जानेवाऱ्यांची घाण राहते. ती शोधायची खूण सोपी आहे: घटनेची वेळ ही नोंद टेबलात पडल्याच्या वेळेपेक्षा पुढची असेल, तर ती नोंद चुकीची. कुठलीही गाडी काट्यावर येण्याआधी तिची नोंद होत नाही. अशा नोंदींतून सरसकट एक वर्ष वजा करण्याचा मोह होईल, पण टाइमझोनमुळे साडेपाच तास पुढे गेलेल्या नोंदीही त्याच जाळ्यात येतात. आधी फरक किती आहे ते बघून दोन गट करा. मूळ लॉग अजून शिल्लक असेल तर वजाबाकी टाळा आणि नव्या कोडने तो पुन्हा वाचून नोंदी बदला. पुढच्यासाठी टेबलात आणखी एक रकाना घालून लॉगची कच्ची ओळ जशीच्या तशी ठेवा. जागा फार लागत नाही, आणि वर्षाच्या हिशेबावरून वाहतूकदाराशी वाद झालाच तर दाखवायला मूळ ओळ हातात असते.